बॉक्स प्लॉट: पेटी, मिशा आणि कुंपणाबाहेरचे ठिपके



मागच्या भागात आपण मध्य, मध्यक आणि बहुलक या तीन शब्दांची ओळख करून घेतली. आज पुढची पायरी. आजचा विषय आहे बॉक्स प्लॉट. वर्तमानपत्रात, डॉक्टरांच्या शोधनिबंधात, नातवंडांच्या पुस्तकात ही आकृती तुम्ही पाहिली असेल: एक चौकोनी पेटी, तिच्या मध्ये एक रेघ, दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या दोन काड्या आणि कधीकधी लांब कुठेतरी पडलेला एखादा एकटा ठिपका. बघताना सोपी वाटते, पण ती नेमकं काय सांगते हे विचारलं की बरेच जण गप्प होतात.

व्हिडिओत मी या आकृत्या फळ्यावर काढल्या होत्या. पुस्तकात ते काम तुमच्याकडे सोपवतो. एक चौकटीचा कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसा. संगणक नको. हाताने एकदा काढलेली आकृती जन्मभर लक्षात राहते.

शब्दांबद्दल एक सूचना. आपले वाचक निरनिराळ्या राज्यांत, निरनिराळ्या माध्यमांत शिकलेले आहेत. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात ज्याला मध्यक म्हणतात, त्याला हिंदी पुस्तकात माध्यक म्हणतात आणि इंग्रजी माध्यमाची मुलं मीडियन म्हणतात. तिन्हींचा अर्थ एकच: सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभे केले की बरोबर मधोमध उभा असलेला आकडा. मध्य म्हणजे आपली रोजची सरासरी. मी इथे सरासरी आणि मध्यक हे दोनच शब्द वापरणार आहे.

दोन तुकड्या, एकच सरासरी

लष्करात पाच किलोमीटरची धाव ही नेहमीची गोष्ट. समजा, आपल्याकडे अकरा-अकरा जवानांच्या दोन तुकड्या आहेत आणि दोन्हींनी पाच किलोमीटर धाव पूर्ण केली आहे. आकडे शिकवण्यासाठी मी बनवलेले आहेत, वेळ मिनिटांत आहे आणि ओळ लावून दिलेली आहे.

पहिली तुकडी: २३, २४, २४, २५, २५, २५, २५, २५, २६, २६, २७.

दुसरी तुकडी: २०, २१, २२, २३, २३, २४, २५, २६, २७, २८, ३६.

आता बेरीज करा. दोन्हींची बेरीज २७५ येते. अकराने भागलं की सरासरी २५ मिनिटं. म्हणजे वरच्या कार्यालयात गेलेल्या कागदावर दोन्ही तुकड्यांपुढे एकच आकडा दिसेल. कागद वाचणारा म्हणेल, दोन्ही सारख्या.

बरं, मध्यक पाहू. अकरा आकड्यांत सहावा आकडा मधला. पहिल्या तुकडीचा मध्यक २५, दुसरीचा २४. म्हणजे मध्यकावरून बघितलं तर दुसरी तुकडी थोडी सरसच ठरते!

पण आता तुम्ही या तुकडीला रात्री डोंगरातून गस्तीवर पाठवणार आहात असं समजा. गस्त सरासरीच्या वेगाने चालत नाही, मध्यकाच्या वेगानेही चालत नाही. ती सगळ्यात मागे राहिलेल्या माणसाच्या वेगाने चालते, कारण त्याला सोडून कुणी पुढे जात नाही. पहिल्या तुकडीत तो माणूस २७ मिनिटांचा आहे, दुसऱ्या तुकडीत ३६ मिनिटांचा. नऊ मिनिटांचा फरक, आणि तोही फक्त पाच किलोमीटरवर. सरासरीने हा फरक पूर्ण झाकून टाकला.

उलट, तुम्हाला शर्यतीसाठी पहिले तीन धावपटू निवडायचे असतील तर डोळे मिटून दुसऱ्या तुकडीकडे जा. २०, २१ आणि २२ मिनिटांचे गडी तिथेच आहेत. म्हणजे कोणती तुकडी चांगली, याचं उत्तर कामावर अवलंबून आहे. मात्र ते उत्तर शोधायला आकडे किती पसरले आहेत हे दिसलं पाहिजे. तेच दाखवण्यासाठी बॉक्स प्लॉट आहे.

पाच आकड्यांत सगळी तुकडी

बॉक्स प्लॉटसाठी पाच आकडे लागतात: सगळ्यात लहान, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक आणि सगळ्यात मोठा. चतुर्थक या शब्दाला घाबरू नका. चतुर्थ म्हणजे चौथा. ओळीचे चार समान भाग करणाऱ्या खुणा म्हणजे चतुर्थक. मध्यकाने ओळीचे दोन भाग झाले. खालच्या भागाचा पुन्हा मध्यक काढला की पहिला चतुर्थक, वरच्या भागाचा काढला की तिसरा चतुर्थक.

दुसरी तुकडी घेऊ. मध्यक २४ बाजूला ठेवा. खाली पाच आकडे उरले: २०, २१, २२, २३, २३. यांतला मधला २२. हा पहिला चतुर्थक. वर पाच आकडे: २५, २६, २७, २८, ३६. मधला २७. हा तिसरा चतुर्थक.

आता कागदावर १८ ते ३८ अशी आडवी पट्टी आखा. २२ आणि २७ वर दोन उभ्या रेघा काढा आणि त्या जोडून पेटी करा. २४ वर पेटीच्या आत एक जाड रेघ मारा. ही पेटी म्हणजे तुकडीचा मधला अर्धा भाग. या पेटीची लांबी २७ वजा २२, म्हणजे ५ मिनिटं. हिला आंतरचतुर्थक अंतर असं भारदस्त नाव आहे. आपण तिला पेटीची लांबी म्हणू.

आता मिशा. इंग्रजीत या आकृतीचं पूर्ण नाव 'बॉक्स अँड व्हिस्कर' असं आहे, आणि व्हिस्कर म्हणजे मांजराच्या तोंडावर असतात तशा मिशा. पलटणीत मिशांची लांबी ज्याची त्याने ठरवावी, इथे मात्र नियम आहे. पेटीच्या लांबीला दीडने गुणा. आपल्याकडे ५ गुणिले दीड म्हणजे साडेसात. पेटीच्या खालच्या कडेपासून साडेसात मागे जा: १४.५. वरच्या कडेपासून साडेसात पुढे जा: ३४.५. ही दोन कुंपणं. ती कागदावर काढायची नाहीत, मनात ठेवायची.

कुंपणाच्या आतला सगळ्यात लहान आकडा २०, म्हणून खालची मिशी २० पर्यंत. आतला सगळ्यात मोठा आकडा २८, म्हणून वरची मिशी २८ वर थांबते. आणि ३६? तो कुंपणाच्या बाहेर आहे. त्याला मिशी पोचत नाही. तिथे फक्त एक ठिपका द्या.

त्याच पट्टीवर, याच्या वर पहिली तुकडी काढा. तिचे चतुर्थक २४ आणि २६, मध्यक २५, पेटीची लांबी २, कुंपणं २१ आणि २९. सगळे जवान कुंपणाच्या आत, त्यामुळे मिशा २३ आणि २७ वर संपतात आणि ठिपका एकही नाही.

आता दोन्ही आकृत्या एकाखाली एक बघा. वर एक आखूड, घट्ट पेटी. खाली एक लांब, सैल पेटी आणि दूरवर एकटा पडलेला ठिपका. सरासरीने सारख्या ठरवलेल्या दोन तुकड्या किती वेगळ्या आहेत हे आता समजावून सांगावं लागत नाही.

वाचताना नेहमी होणारा घोळ

पेटीचा एखादा भाग लांब दिसला की लोकांना वाटतं, तिथे जास्त माणसं आहेत. हे बरोबर उलटं आहे. खालच्या टोकापासून पेटीपर्यंत एक चतुर्थांश, पेटीच्या पहिल्या कप्प्यात एक चतुर्थांश, दुसऱ्या कप्प्यात एक चतुर्थांश आणि पेटीपासून वरच्या टोकापर्यंत एक चतुर्थांश. बाहेरचे ठिपके त्या त्या बाजूच्या टोकातच मोजायचे. प्रत्येक भागात माणसं साधारण तेवढीच आहेत. भाग लांब असेल तर तीच माणसं जास्त अंतरावर विखुरलेली आहेत, आखूड असेल तर दाटीने उभी आहेत.

एक वर्ग मैदानात उभा करा. पंचवीस मुलं एका कोपऱ्यात खेटून उभी आहेत आणि पंचवीस मुलं उरलेल्या मैदानभर पसरली आहेत. मैदानाचा मोठा भाग दुसऱ्यांनी व्यापला, म्हणून ती संख्येने जास्त झाली का? नाही. बॉक्स प्लॉट वाचताना हे मैदान डोळ्यांपुढे ठेवा.

दुसरी गोष्ट, मध्यकाची रेघ पेटीच्या मधोमध असतेच असं नाही. आपल्या दुसऱ्या तुकडीत ती २२ च्या बाजूला सरकलेली आहे. याचा अर्थ, वेगवान बाजूची माणसं जवळजवळ आहेत आणि हळू बाजूची लांबलांब. पगार, घरांच्या किमती, दवाखान्यात थांबावं लागणारी वेळ अशा आकड्यांत हा कल फार दिसतो, कारण खाली शून्याची भिंत असते आणि वर मोकळं रान.

ही आकृती आली कुठून

पेटीसारखी पट्टी काढून आकड्यांचा पसारा दाखवण्याची कल्पना मेरी एलिनॉर स्पिअर या अमेरिकन बाईंनी १९५२ च्या आपल्या पुस्तकात मांडली होती. आज आपण काढतो ती आकृती मात्र जॉन टुकी यांच्या नावाने ओळखली जाते. टुकी प्रिन्स्टन विद्यापीठात आणि बेल लॅबमध्ये काम करणारे संख्याशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते प्रिन्स्टनच्या फायर कंट्रोल रिसर्च ऑफिसमध्ये होते, म्हणजे तोफांचा मारा अचूक कसा बसेल याच्या गणितात. संगणकाच्या भाषेतला 'बिट' हा शब्दही त्यांचाच मानला जातो. १९७७ मध्ये त्यांचं 'एक्स्प्लोरेटरी डेटा अॅनालिसिस' हे पुस्तक आलं आणि बॉक्स प्लॉट जगभर पसरला.

टुकींचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आकडे हातात आले की लगेच सूत्रं लावायला धावू नका. आधी ते नुसते बघा. कागद-पेन्सिलने दोन मिनिटांत काढता येईल अशी आकृती त्यांना हवी होती. म्हणूनच यात बेरजेचा डोंगर नाही. ओळ लावायची आणि मोजायचं, बस.

दीडपटच का, असा प्रश्न नेहमी येतो. एकपट धरली तर चांगली माणसंही कुंपणाबाहेर पडतात, दुप्पट धरली तर खरोखर वेगळी असलेलीही आत लपतात. दीडपट हा अनुभवातून आलेला मधला मार्ग. आकडे घंटेच्या आकाराच्या आदर्श वक्राप्रमाणे पसरलेले असतील तर हजारात साधारण सातच कुंपणाबाहेर पडतात. इतके थोडे असले की प्रत्येकाकडे जातीने लक्ष देता येतं.

ठिपक्याचं काय करायचं

हा आजच्या भागाचा गाभा आहे. आपल्या ३६ मिनिटांच्या जवानाचं काय करायचं?

पुष्कळ ठिकाणी असं करतात की ठिपका दिसला की तो आकडा पुसून टाकायचा, आणि मग सरासरी छान दिसते. आपल्या दुसऱ्या तुकडीतून ३६ काढला तर उरलेल्या दहा जणांची सरासरी २३.९ होते. कागद चमकतो. पण तो जवान तुकडीतून गेला का? तो तिथेच आहे, आणि उद्या गस्तीवरही असणार आहे.

ठिपका ही चौकशीची सूचना आहे, शिक्षा नव्हे. आधी बघायचं की आकडा लिहिताना चूक झाली का. २६ चं ३६ झालं का. घड्याळ उशिरा थांबवलं का. तसं असेल तर आकडा दुरुस्त करा आणि दुरुस्ती केल्याची नोंद ठेवा. आकडा खरा असेल तर माणसाकडे जा. ताप होता का, गुडघा दुखतोय का, बूट चावतो का, की खरंच सराव कमी आहे? या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे, आणि पुसून टाकणं हा त्यातल्या कशावरचाच उपाय नाही.

आता कुणी म्हणेल, साहेब, तुमची उदाहरणं बनवलेली, त्यामुळे हवं ते सिद्ध होतं. ठीक आहे. मग खरे आकडे घेऊ.

मायकेलसन यांची शंभर मोजमापं

१८७९ साली अॅनापोलिस इथल्या अमेरिकी नौदलाच्या अकादमीत अल्बर्ट मायकेलसन नावाचा २६ वर्षांचा नौदल अधिकारी प्रकाशाचा वेग मोजत होता. वेगाने फिरणाऱ्या आरशावरून प्रकाश पाठवायचा, दूरच्या दुसऱ्या आरशावरून तो परत यायचा, आणि तेवढ्या क्षणात पहिला आरसा किती वळला त्यावरून वेग काढायचा, अशी ती पद्धत. याच मायकेलसन यांना पुढे १९०७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांच्या त्या वेळच्या शंभर मोजमापांचे आकडे आजही संख्याशास्त्र शिकवताना वापरतात. आर नावाच्या मोफत संगणकप्रणालीत ते तयार मिळतात. वीस-वीसच्या पाच गटांत ते दिलेले असतात. सगळे आकडे सेकंदाला दोन लाख नव्याण्णव हजार काहीतरी किलोमीटर असल्यामुळे २,९९,००० वगळून फक्त उरलेला भाग लिहितात. म्हणजे ८५० लिहिलं असेल तर वेग सेकंदाला २,९९,८५० किलोमीटर.

पाच गटांचे मध्यक असे येतात: ९४०, ८४५, ८५५, ८१५ आणि ८१०. पहिल्या गटाची पेटी ८५० पासून ९८० पर्यंत, म्हणजे चांगली १३० लांब. तिसऱ्या गटाची पेटी ८४० ते ८८०, फक्त ४० लांब. पाचही पेट्या शेजारीशेजारी काढल्या तर तिसरी लगेच नजरेत भरते. इतकी आटोपशीर! कुणीही म्हणेल, काम करावं तर असं.

हा तिसरा गट तुम्ही स्वतः काढून बघा. वीस आकडे ओळीत असे आहेत: ६२०, ७२०, ७२०, ८४०, ८४०, ८४०, ८४०, ८४०, ८५०, ८५०, ८६०, ८६०, ८७०, ८८०, ८८०, ८८०, ८८०, ९१०, ९५०, ९७०. वीस ही सम संख्या, म्हणून दहाव्या आणि अकराव्या आकड्याची सरासरी म्हणजे मध्यक: ८५५. खालच्या दहांचा मध्यक ८४०, वरच्या दहांचा ८८०. पेटीची लांबी ४०, तिची दीडपट ६०. कुंपणं ७८० आणि ९४०. वरची मिशी ९१० वर थांबते. खाली कुंपणाच्या आतला सगळ्यात लहान आकडा ८४०, आणि तीच पेटीची कड; म्हणून खाली मिशीच नाही. बाहेर पाच ठिपके: खाली ६२०, ७२०, ७२० आणि वर ९५०, ९७०.

आता सांगा, यातलं काय ठेवाल आणि काय पुसाल? घट्ट पेटी ठेवावी आणि ते पाच ठिपके काढून टाकावेत, असा मोह होईल.

मग खरा आकडा ऐका. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावर बांधली आहे. आपल्या पट्टीवर हा ७९२ होतो. पण मायकेलसन यांची ही मोजमापं हवेतली आहेत आणि हवेत प्रकाश किंचित हळू जातो. त्यामुळे या शंभर मोजमापांशी ताडून बघण्याचा आकडा आणखी खाली, ७०० ते ७३५ च्या दरम्यान येतो. कोणत्या दुरुस्त्या धरायच्या त्यावर नेमका आकडा थोडा बदलतो.

म्हणजे काय झालं? तिसऱ्या गटाची ती देखणी पेटी, ८४० ते ८८०, खऱ्या आकड्यापासून शंभरावर लांब. आणि आपण पुसायला निघालो होतो ते ७२० चे दोन ठिपके जवळजवळ खऱ्या जागी! एक तिसरी पेटीच कशाला, पाचही पेट्यांची खालची कड ७३५ च्या वरच आहे. शंभरांपैकी फक्त पाच मोजमापं ७३५ च्या खाली आहेत.

यावरून लगेच उलटा निष्कर्ष काढू नका. ठिपका नेहमी खरा असतो असं मुळीच नाही. ९५० आणि ९७० हेही ठिपकेच, आणि ते सत्यापासून सगळ्यात लांब आहेत. ७२० चे ठिपके खऱ्या जागेजवळ पडले हा योगायोग म्हणा. मुद्दा एवढाच की कोणता ठिपका कामाचा आणि कोणता नाही, हे पेटीला ठरवता येत नाही.

मायकेलसन यांना कमी लेखण्याचंही कारण नाही. शंभर मोजमापांची त्यांची सरासरी ८५२.४ येते. सुमारे तीन लाखांच्या आकड्यात ही चूक दहा हजारांत चार-पाच एवढीच आहे. १८७९ सालच्या साधनांनी हे करणं म्हणजे कमाल होती.

ग्रुप घट्ट, पण बुलवर नाही

फायरिंग रेंजवर गेलेल्या कुणालाही हे कोडं लगेच सुटेल. रंगरूटाला रायफल शिकवताना उस्ताद आधी ग्रुपिंग बघतात. पाच गोळ्या एकाच ठिकाणी नेम धरून मारायच्या आणि त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते मोजायचं. गोळ्या बुलवर लागल्या की नाही हा प्रश्न नंतरचा. ग्रुप घट्ट असेल तर जवानाचा हात, श्वास आणि ट्रिगर ठीक आहे. मग तो ग्रुप बुलपासून एका बाजूला पडत असेल तर रायफलची साइट दुरुस्त करायची. त्याला झिरोइंग म्हणतात.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटीची लांबी ग्रुप किती घट्ट आहे ते सांगते. पेटी बरोबर जागी आहे का, हे पेटी सांगू शकत नाही. त्यासाठी बुल कुठे आहे हे बाहेरून माहीत असावं लागतं. मायकेलसन यांच्या तिसऱ्या गटात ग्रुप घट्ट होता, पण मोजणीत कुठेतरी एकाच बाजूला ओढणारी चूक होती आणि ती सगळ्याच पेट्या वर ओढत होती. अशी चूक मोजमापं वाढवून जात नाही. त्याच रायफलने शंभरऐवजी हजार गोळ्या मारल्या तरी ग्रुप त्याच चुकीच्या जागी पडेल.

मायकेलसन पुढची जवळजवळ पन्नास वर्षं हेच काम सुधारत राहिले. कॅलिफोर्नियात दोन डोंगरांमध्ये सुमारे ३५ किलोमीटरचं अंतर घेऊन केलेल्या प्रयोगाचा आकडा त्यांनी १९२६ साली जाहीर केला: निर्वात पोकळीत सेकंदाला २,९९,७९६ किलोमीटर. आजच्या आकड्यापासून चार किलोमीटरच्या आत!

आपल्या रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय? घरातलं रक्तदाबाचं यंत्र रोज अगदी सारखे आकडे दाखवतं म्हणून ते बरोबरच आहे असं समजू नका. सारखेपणा हा ग्रुप झाला. झिरो तपासायचा तर ते एकदा डॉक्टरांच्या यंत्राशेजारी ठेवून बघावं लागतं.

पेटी काय लपवते

कोणतंही हत्यार वापरण्याआधी त्याच्या मर्यादा माहीत पाहिजेत. बॉक्स प्लॉटच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा.

पहिली, पेटीला मधला खड्डा दिसत नाही. समजा दहा जणांच्या वेळा २०, २१, २१, २२, २२, २८, २८, २९, २९, ३० अशा आहेत. मध्यक २५, पेटी २१ ते २९. आकृती अगदी गुळगुळीत दिसते. पण २५ मिनिटांच्या आसपास एकही माणूस नाही! इथे दोन वेगळे गट एकत्र झाले आहेत, कदाचित जुने आणि नवे जवान. अशा वेळी पेटीबरोबर सगळे आकडे ठिपक्यांनी मांडून बघावेत, किंवा दोन गटांच्या दोन पेट्या काढाव्यात.

दुसरी, पेटी संख्या सांगत नाही. सात माणसांची पेटी आणि सात हजार माणसांची पेटी सारखीच दिसू शकते. म्हणून पेटीशेजारी किती आकड्यांवरून ती काढली हे लिहिण्याची सवय ठेवा. दुसऱ्याने काढलेल्या आकृतीत ते लिहिलेलं नसेल तर विचारा.

शिवाय, चतुर्थक काढण्याच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. एक्सेलमध्ये २०१६ पासून बॉक्स प्लॉट तयार मिळतो, पण त्याचा चतुर्थक आणि तुमचा हाताने काढलेला चतुर्थक यांत थोडा फरक पडू शकतो. त्याने गडबडून जाऊ नका. आकडे भरपूर असले की हा फरक नगण्य होतो.

गृहपाठ

घरातली विजेची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. रुपये नकोत, दर बदलत असतात, युनिट घ्या. बारा आकडे ओळीत लावा. सहाव्या-सातव्याची सरासरी म्हणजे मध्यक, तिसऱ्या-चौथ्याची म्हणजे पहिला चतुर्थक, नवव्या-दहाव्याची म्हणजे तिसरा. पेटी काढा, दीडपटीची कुंपणं घाला, मिशा काढा.

नागपूर किंवा ग्वाल्हेरच्या घरात मे महिना कुंपणाबाहेर उडी मारतो का ते बघा. बंगळूरच्या घरात पेटी बहुधा आखूड येईल, तिथली हवा वर्षभर त्या मानाने सौम्य. दोन शहरांतल्या नातेवाइकांनी एकाच पट्टीवर आपापल्या पेट्या काढल्या तर फारच छान. आणि एखादा ठिपका बाहेर पडला तर तो पुसू नका. त्या महिन्यात घरात काय घडलं होतं ते आठवा: पाहुणे होते, कूलर बिघडला होता, की मीटरच तपासायला हवा?

पुढच्या भागात आपण आकड्यांचा पसारा मोजण्याची दुसरी पद्धत बघू, तिचं नाव प्रमाण विचलन. तोवर चौकटीचा कागद जपून ठेवा.

जय हिंद.